कळंक

विट्याहून लेंगऱ्याकडं जाताना डाव्या हाताला
जे बिनगिलाव्याचं घर लागतं, ते माझं.
ओट्यावर लोणच्याच्या बरण्या मांडल्यात,
लोणचं नाही, नुसतं पाणी,
आणि पाण्याच्या तळाशी रोमचे पैसे.

चाळीस वर्षं गलाई केली, करूरला.
सोनारांच्या दुकानांतली माती विकत घ्यायची,
धुवायची, तेजाबात टाकायची, मुशीत घालायची,
पिवळं उरेल त्यावर लग्नं, बोअर, हे घर.
बोटांवरच्या रेषा तेजाबानं नेल्या.
रेशनच्या मशीनला मी कोण ते कळत नाही.

उन्हाळ्यात अमरावती नदी आटली
की पोरं वाळू चाळायची.
वेलुसामी भंगारवाला पोत्याच्या तळातून
चिंचोक्याएवढे चपटे काळे तुकडे काढायचा.
"सेंबू, शेट." म्हणजे तांबं.
तांब्याच्या भावानं, काट्यावर.

पहिल्या खेपेचे मी मोजले होते. बेचाळीस.
मूस लाल होती. ओतले.
हिरवी ज्योत उठली वीतभर,
तांब्याची उठतेच, त्यात नवल नाही.
एक तेवढा चिमट्यातून निसटला.
दुसऱ्या दिवशी राख चाळताना हाती आला,
धोतरानं पुसला, तर दोन माणसं.
भाले धरून उभी, मधे झेंड्याची काठी,
रात्रपाळीचे वॉचमन असावेत तशी,
शिणलेली, पण झोपली नव्हती.

मुल्लाणी सर भिंग लावून म्हणाले,
सतराशे वर्षं होत आली, आकाराम.
कॉन्स्टन्टाइनच्या नाहीतर त्याच्या पोरांच्या वेळचं.
आधी झेंडे दोन असायचे,
नाणं हलकं केलं, मग एकच मावला.
मी हसलो. म्हणजे राजाही वजनात मारायचा.
वर चांदीचा हात, आत तांबं नि शिसं,
हा टंच सरांच्या आधी मी काढला होता.
आमच्या धंद्यात अशा मालाला काय म्हणतात
ते मात्र सरांपुढं बोललो नाही.

सोनं आलं, मिरी गेली, हे सगळे सांगतात.
ही तर मागाहूनची चिल्लर.
कुणा खलाशाच्या कनवटीची असेल.
एकाला भोक आहे, म्हणजे इथल्या कुणीतरी
पोराच्या गळ्यात बांधला, दृष्ट लागू नये म्हणून.
राजा गेला, राजाची दृष्ट गेली,
भोक राहिलं.

तिकडं नवा राजा बसला
की जुन्याची नाणी भट्टीत, सर सांगतात.
म्हणजे गलाईवाले तिकडंही होते.
कुठल्या खेड्यातले? सणाला घरी जायचे का?
सरांच्या पुस्तकात राजांची रांग आहे,
ह्यांचं एकाचंही नाव नाही.

तेजाबाला आता हात लावत नाही.
बॅटरीवाल्याकडचं पाणी आणि बाभळीचा काटा.
महिन्याला एखादं अक्षर उघडतं,
कधी अक्षर वाटतं ते नुसता चरा निघतो.
शालन म्हणते, "ताक जरा कळकलं
तर घर डोक्यावर घेता,
आणि हे कळकलेलं देवासारखं न्हाणता?"
तिला काय सांगू. हा हिरवा थर
सगळा खरवडला तर खाली राजा नाही,
खड्डा आहे.
कळंकानंच धरून ठेवलंय त्याचं नाक.

परवा सर वही घेऊन बसले, नोंदी करायला.
राजा, साल, वजन, टांकसाळ, असे रकाने.
सगळ्या बरण्या झाल्या. मग मी फडताळातून
फडक्यात बांधलेला गोळा आणला.
एक्केचाळीस होते यात. अर्धा तोडून
एका सोनाराला भरीसाठी दिला होता,
करूरमध्ये कुणाच्या तरी ताळीत
अजून दोन-चार सम्राट असतील,
भाजी निवडताना छातीवर हलत असतील.

सरांचं पेन थांबलं. "याचं काय लिहू?"
म्हटलं, लिहा.
वजन, साडेतीन तोळे.
राजा, ठाऊक नाही, बरेच.
साल, माझ्या लग्नाच्या आधीचं.
टांकसाळ,
आकाराम निवृत्ती, करूर.